फॉर्म भरायला येण्याआधी आणि खुर्चीवरून उठण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग पडतो. प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलचे, कॉलेज मिळवायच्या कॅप राउंडचे, स्कॉलरशिपचे ऑनलाइन फॉर्म भरून देणं हे माझं काम. इन्स्टावर काय टाकावं, काय टाकू नये यावर तुम्हाला कॉलेजात भाषणं ऐकवतील, ती ऐका. पण तुमच्या माहितीचा आणि कागदपत्रांचा खरा पसारा पडतो तो जून-जुलैत, आमच्यासारख्यांच्या कॉम्प्युटरवर. तेव्हा काय सांभाळायचं त्याची ही यादी, काउंटरच्या आतल्या बाजूने.

घरून निघतानाच स्वतःचा ईमेल तयार हवा, आणि त्याचा पासवर्ड तुम्हालाच माहीत हवा. पूर्वी मीच पोरांना ईमेल काढून द्यायचो. रांग मोठी असायची, म्हणून पासवर्ड ठरलेला: नाव, पुढे ॲट, पुढे 123. रिकव्हरीला माझाच नंबर. वर्षभराने स्कॉलरशिपच्या वेळी तीच पोरं परत यायची, लॉगिन होत नाही म्हणून, आणि मला तरी कुठलं आठवणार? तो ईमेल अधूनमधून उघडतही राहा. दोन वर्षं वापरलंच नाही तर गूगल खातं काढून टाकू शकतं, आणि तुमची डिग्री तीन-चार वर्षांची.

मोबाइल नंबरही तोच द्या, जो चालू ठेवणार आहात. रिचार्ज न करता सोडून दिलेला प्रीपेड नंबर बंद झाल्यावर किमान 90 दिवस थांबून कंपनी दुसऱ्या कुणाला देऊ शकते. मग तुमचा ओटीपी त्याच्या हातात. बाबांचा नंबर दिलात तर बाबा रानात असतात आणि ओटीपीची मुदत संपते, हा वेगळा ताप.

कागदपत्रं शक्यतो डिजिलॉकरमध्ये किंवा स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवून या. आमच्या व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल माझ्या फोनमध्ये, दुकानाच्या डाउनलोड्समध्ये आणि बॅकअप चालू असेल तर तिथेही बसते. तुम्ही नंतर ‘सगळ्यांसाठी डिलीट’ केलंत तरी दुकानाच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड झालेली प्रत जागची हलत नाही.

रात्री शटर ओढण्याआधी मी तो फोल्डर उघडतो. फोटो फायनल, फोटो फायनल 2, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आधार, आधार कंसात एक, आधार कंसात दोन. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो असतो नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल. नाव शेजारच्या मार्कशीटवर, जन्मसाल शाळा सोडल्याच्या दाखल्यावर. कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला! म्हणून जिथे पूर्ण नंबर लागत नाही तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

फॉर्म सबमिट झाला की लगेच उठू नका. ब्राउझर पासवर्ड सेव्ह करू का विचारतो तेव्हा ‘नेव्हर’ दाबा. पोर्टलवरून आणि ईमेलमधून, दोन्हीकडून लॉगआउट करा. आपल्या फाइली पुसा, मग रिसायकल बिनमधूनही पुसा. दुकानदाराला राग येईल असं वाटून पोरं हे करत नाहीत. येऊ दे की. घरी गेल्यावर गूगल खात्याच्या सिक्युरिटीत कुठकुठल्या डिव्हाइसवर लॉगिन आहे ते बघा, व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा, आणि अनोळखी दिसेल ते काढून टाका.

हॉलतिकिटाचा फोटो स्टोरीला लावण्याची हौस आवरा. बोर्डाचा निकाल बघायला सीट नंबर आणि आईचं नाव एवढंच लागतं, आणि हॉलतिकिटावर दोन्ही असतात. तुमच्या आधी तुमचे मार्क अख्ख्या गल्लीला कळतील. अलॉटमेंट लेटर स्टेटसला लावायचंच असेल तर अर्ज क्रमांक आणि प्रवर्ग झाकून लावा. आनंद तेवढाच दिसतो.

ॲडमिशन पक्की झाली की निवांत अर्धा तास काढा. दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती सिमं आहेत ते दिसतं. आपलं नसलेलं तिथूनच कळवता येतं. आधारच्या संकेतस्थळावर मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे वापरलं गेलं ते बघता येतं, आणि बायोमेट्रिक लॉकही करता येतं. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. इन्स्टाच्या जुन्या रील्स आणि आठवीतल्या कमेंटा त्याच बैठकीत पुसून टाका. त्यावर जास्त बोलत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

राहिला कागद. बिघडलेली प्रिंट, वाकडी झेरॉक्स टेबलावर टाकून पोरं निघून जातात. ती रद्दीत जाते, आणि आमची रद्दी जायची कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीवर. एकदा मी वडापाव घेतला तर तेलात भिजलेल्या कागदावर आमच्याच गिऱ्हाइकाचा जातीचा दाखला होता, फोटोसकट. तेव्हापासून काउंटरखाली एक खोकं ठेवलंय. खराब कागद फाडून त्यात टाका, सकाळी आमच्या बंबाला लागतात.