पोकरमध्ये पत्ते रुसले की काय करावं

"शांत राहा, नशीब पालटेल" असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि विसरून जा. पत्त्यांना तुमचा मागचा हिशोब ठाऊक नसतो. सलग दहा दिवस हरलात म्हणून अकराव्या दिवशी एक्के जास्त येत नाहीत.

मी इंग्लंडमधून खेळतो, छोट्या टेबलांवर, 25 डॉलरच्या बाय-इनवर, म्हणजे एवढे पैसे घेऊन टेबलावर बसायचं. भारतात ऑगस्ट 2025च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आहे, तेव्हा तिथे बसून कुणी पळवाट शोधत असेल तर ती इथे मिळणार नाही. आणि हरलेले पैसे घरभाड्याचे किंवा उसने असतील, तर पुढचं काहीच वाचू नका. ब्रिटनमध्ये असाल तर 'गॅमस्टॉप'वर नाव नोंदवा. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं इथल्या परवानाधारक साइटची दारं बंद होतात.

आता कामाचं. एका बैठकीत तीन बाय-इन गेले की उठायचं. हा आकडा बसण्याआधी ठरवायचा, कारण हरताना ठरवलेला आकडा रबरासारखा ताणला जातो.

बँकरोल, म्हणजे खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे, तीस बाय-इनच्या खाली आला की एक पायरी खालच्या टेबलावर उतरा. लाज वाटते, दोन दिवसांत जाते.

मग थोडं गणित. सहा जणांच्या नो-लिमिट टेबलावर (समोर असतील तेवढे सगळे पैसे कधीही लावता येतात असं) शंभर हातांमागे, म्हणजे शंभर डावांमागे, सरासरी पाच बिग ब्लाइंड कमावणारा माणूस चांगला खेळाडू. बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधीच सक्तीने लावायची ठरलेली रक्कम. पण त्याच शंभर हातांमधला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, साधारण 90 ब्लाइंड असतं. दहा हजार हातांनंतर त्याची अपेक्षित कमाई 500 आणि विचलन 900. म्हणजे असे दहा टप्पे खेळला तर जवळजवळ तीनदा तो चांगला खेळूनही तोट्यात असतो. एवढ्याशा हातांत खिशाकडे बघून आपण कसे खेळलो ते कळत नाही, आणि खरी पंचाईत तिथेच आहे: नशीब वाईट होतं की मीच वाईट खेळलो?

यात मी दोन महिने घालवले. करायचो काय, तर सर्वांत जास्त पैसे गेलेले हात काढून बघायचो. एक्क्यांची जोडी, समोर राजांची जोडी, सगळे पैसे मध्ये आणि शेवटच्या पत्त्यावर राजा. मग तो हात मित्राला पाठवायचा, त्याने "अरेरे" लिहायचं. एक्के राजांपुढे शंभरात 82 वेळा जिंकतात. उरलेल्या 18 वेळा हरायचंच आहे. त्या हातांत शिकण्यासारखं काही नव्हतं, नुसतं रडायला बरं वाटायचं. ट्रॅकर, म्हणजे हातांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, त्यातल्या ऑल-इनच्या (सगळे पैसे मध्ये टाकलेल्या हातांच्या) आलेखावरही भिस्त ठेवू नका. पैसे आधीच मध्ये गेल्यानंतरचं नशीब तो दाखवतो, तुम्ही रिव्हरवर, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्यावर, समोरच्याएवढेच पैसे टाकून केलेला मूर्ख कॉल नाही.

म्हणून हात निवडायचे ते रक्कम बघून नव्हे. रिव्हरवर समोरच्याने बेट केली आणि तुम्ही कॉल केलात, एवढेच हात गाळून घ्या. हरून उठलात त्या रात्री नाही, नंतरच्या एखाद्या सकाळी. स्क्रीनवर समोरच्याचे पत्ते जिथे दिसतात तिथे चिठ्ठी चिकटवा. मग वहीत लिहा: मी इथे नेमक्या कोणत्या पत्त्यांना हरवतोय? निकाल माहीत असला की मन लबाडी करतं, म्हणून तर महिन्याभराचे हात घ्यायचे. कुठला कुठे गेला ते आठवत नाही.

माझा एक हात सांगतो. माझ्याकडे एक्का-गुलाम, टेबलावर गुलाम, अठ्ठी, चौकी, मग दुर्री, मग नव्वी. समोरचा दोनदा मुकाट कॉल करत आलेला, आणि नव्वी पडताच त्याने अख्ख्या पॉटएवढी, म्हणजे मध्ये जमलेल्या सगळ्या पैशांएवढी, बेट टाकली. मी वैतागून कॉल केला होता. वहीत 'कोणाला हरवतोय' पुढे पाच मिनिटं काहीच लिहिता येईना. चिठ्ठी काढली: अठ्ठी-नव्वी, दोन जोड्या, माझ्या गुलामांच्या एका जोडीला भारी. पॉटएवढ्या बेटला कॉल करायचा तर निदान तीनात एकदा जिंकायला हवं. त्या महिन्यात माझे असे तेवीस कॉल निघाले, जिंकलेले तीन. गळती तिथे होती आणि मी दोन महिने फुटलेल्या एक्क्यांचं सुतक पाळत होतो.

वहीत तुमचे बहुतेक कॉल बरोबर निघाले तर काही बदलू नका, तसंच खेळा. 'स्टाइल बदलून बघ' हा सल्ला देणाऱ्यांनी माझे बरेच डॉलर घालवले आहेत. चुकीचे निघाले तर एकच चूक धरा, बाकीच्या पुढच्या महिन्यात.

परत बसाल तेव्हा एकच टेबल, पाऊण तास, गजर लावून.

चिठ्ठी माझ्या स्क्रीनच्या कडेला अजून आहे. परवा बायकोने विचारलं, "यावर काही लिहिलेलंच नाही, मग लावलीस कशाला?"