सी की एस? आधी मराठीत म्हणून बघा

पंचायतीत दुकानाच्या परवान्यासाठी इंग्रजीत अर्ज लिहिताना ‘लायसन्स’पाशी हात हमखास थांबतो. शेवटच्या ई आधी सी की एस? भारतात चालते ती ब्रिटिश पद्धत. तिच्यात दोन्ही स्पेलिंग्ज आहेत, पण कामं वेगळी.

१. त्या जागी मराठी शब्द ठेवा. ‘परवाना’ बसला तर नाम, म्हणून सी. ‘परवाना देणे’ बसलं तर क्रियापद, म्हणून एस.

२. तरी अडलात तर ‘सल्ला’ ठेवून मोठ्याने बोला. सल्ला म्हणजे अ‍ॅडव्हाइस, सी. सल्ला देणे म्हणजे अ‍ॅडव्हाइज, एस. इथे फरक कानालाच कळतो, म्हणून मला ही जोडी सगळ्यात भरवशाची वाटते. ‘प्रॅक्टिस’लाही हाच नियम: वकिलाची प्रॅक्टिस सी, पणजीत वकिली करणे एस.

३. आठवण राहायला ‘आइस’ धरा. बर्फ ही वस्तू, म्हणजे नाम, आणि ‘आइस’च्या स्पेलिंगमध्ये सी आहे.

गेस्टहाउसवाल्यांनी आणखी दोन शब्द तपासावेत. मेनूत बेबिंका (गोव्याचा थरांचा गोड केक) ज्या मथळ्याखाली येते, त्या ‘डेझर्ट’ला दोन एस, एकच लिहिला तर वाळवंट होतं. मोफत नाश्त्याच्या ‘कॉम्प्लिमेंटरी’त एल नंतर आय हवा, तिथे ई पडली की अर्थ ‘पूरक’.

एक सांभाळा: अमेरिकन पद्धतीत लायसन्स नेहमी एसने आणि प्रॅक्टिस नेहमी सीने लिहितात. कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन असेल तर बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येते. आधी ती भारतीय किंवा ब्रिटिश इंग्रजी करून घ्या.