एक दोरा, एक नट आणि लोकलचं तिकीट: घरच्या घरी फिजिक्स कसं मोजायचं

नववी-दहावीच्या मुलांना न्यूटनचे नियम तोंडपाठ असतात, जी (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग गुरुत्वाकर्षणामुळे दर सेकंदाला किती मीटर पर सेकंदने वाढतो तो आकडा) म्हणजे ९.८ हेही पाठ असतं, पण हा आकडा आला कुठून विचारलं की सगळे गप्प. मला मनापासून वाटतं की प्रत्येक मुलाने एक तरी आकडा स्वतःच्या हाताने काढायला पाहिजे, आणि त्यासाठी लॅब वगैरे काही लागत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून एक जड नट आणा, घरातला न ताणणारा दोरा घ्या, मेजर टेप आणि मोबाईलचं स्टॉपवॉच, झालं.

आधी घरी. दोऱ्याला नट बांधा आणि दाराच्या चौकटीला खिळा असेल तर त्याला लटकवा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर आलं पाहिजे, नटाच्या वरच्या कडेपर्यंत नाही, इथे १ सेंटीमीटर चुकला की उत्तर एक टक्क्याने चुकतं. पंखा बंद करा (मुंबईत हे जरा जिवावर येतं, पण दोन मिनिटांचा प्रश्न आहे). नट थोडासाच बाजूला ओढा, एक वीत पुरे, आणि ढकलू नका, नुसता सोडा.

आता मोजायचं कसं ते नीट बघा कारण सगळी गंमत इथेच आहे. नट टोकाला असताना स्टॉपवॉच चालू करू नका, तिथे तो जवळजवळ थांबलेला असतो आणि नेमका क्षण कळत नाही. मधून जाताना तो सगळ्यात जोरात असतो, तिथे बटण दाबा आणि तोंडाने "शून्य" म्हणा, "एक" नाही. परत त्याच बाजूने मधून गेला की एक. असे २० झोके मोजा. एकच झोका मोजला तर २ सेकंदात बोटाची ०.२ सेकंदाची चूक म्हणजे १० टक्के झाली, आणि हिशोबात वेळेचा वर्ग होतो म्हणून उत्तर २० टक्क्यांनी गंडतं. तीच ०.२ ची चूक ४० सेकंदात पसरली की उत्तरात जेमतेम एक टक्का फरक पडतो.

समजा २० झोक्यांना ४०.२ सेकंद लागले. म्हणजे एका झोक्याला २.०१, त्याचा वर्ग ४.०४. आता लंबकाच्या, म्हणजे अशा झुलणाऱ्या नटाच्या, सूत्राप्रमाणे ३९.५ (हा π म्हणजे ३.१४ च्या वर्गाची चौपट) गुणिले लांबी १ मीटर, भागिले ४.०४, आलं ९.७८ च्या आसपास! मुंबईत खरी किंमत साधारण ९.७९ आहे. विषुववृत्तावर ती ९.७८ असते आणि ध्रुवांवर ९.८३, त्यामुळे आपण खालच्या बाजूला येतो. हा फरक फक्त कागदावरचा नाही, १६७२ च्या सुमारास जाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लंबकाचं घड्याळ घेऊन दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळ कायेनला गेला, तर पॅरिसमध्ये बरोबर चालणारं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं, कारण जी कमी की झोका संथ. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे हे न्यूटनने मांडलं तेव्हा त्याने हा पुरावा वापरला.

वेळ असेल तर दोन नट लावून बघा, वजन दुप्पट पण वेळ तीच येते (लांबी मात्र परत दोन्हींच्या मध्यापर्यंत घ्या). आणि दोरा २५ सेंटीमीटर केलात तर वेळ चौथाई होत नाही, अर्धी होते. मुलांना आधी अंदाज वहीत लिहायला लावा, मगच करू द्या, नाहीतर उत्तर बघून सगळेच म्हणतात मला माहीत होतं.

आता लोकल. रविवारी दुपारची स्लो पकडा, गर्दीच्या वेळी अजिबात नको आणि दारात तर कधीच नको. खिडकीपाशी बसा, सामानाच्या रॅकच्या दांडीला दोरा असा बांधा की नट ३० सेंटीमीटर खाली लटकेल, आणि नटाच्या खाली पट्टी आडवी धरा. गाडी उभी असताना नट कुठल्या आकड्यावर आहे ते बघून ठेवा. गाडी सुटली की नट मागे जातो आणि थोडा हलत राहतो, त्या हलण्याच्या मधला आकडा घ्यायचा. समजा तो १.५ सेंटीमीटर मागे गेला. मग १.५ भागिले ३० गुणिले ९.८, म्हणजे ०.४९. गाडीचा वेग दर सेकंदाला ०.४९ मीटर पर सेकंदने वाढतोय, तसाच वाढत राहिला तर २० सेकंदात ताशी ३५ किलोमीटर! एका नटाने मोटरमनच्या केबिनमधला आकडा काढता येतो, मला हे आजही भारी वाटतं.

आणि खरी बघण्यासारखी गोष्ट पुढे आहे. गाडीने वेग पकडला आणि तो स्थिर झाला की नट परत सरळ खाली येतो. गाडी एवढी धावतेय पण दोऱ्याला पत्ताच नाही, त्याला फक्त वेग किंवा दिशा बदलली की कळतं. ब्रेक लागला की पुढे, वळणावर बाजूला. उभे असताना आपण दांडी नेमकी कधी घट्ट धरतो ते आठवा, तेच कारण.

मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, त्याच्या आतल्या चिपमध्येही असाच एक बारीकसा तुकडा लवचिक पट्ट्यांवर टांगलेला असतो. फायफॉक्स नावाचं फुकट ॲप टाकून फोन टेबलावर ठेवा, तो नुसता पडलेला असतानासुद्धा ९.८ च्या आसपास दाखवतो, आणि लोकलमध्ये तुमच्या नटाचा आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो.

शेवटचा प्रयोग बेस्टच्या बसमध्ये, कारण तिथे ब्रेक जोरात लागतात. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला आतून दोऱ्याने थर्मोकोलचा गोळा चिकटवा, बाटली पाण्याने काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावून उलटी धरा. गोळा वर तरंगत राहील. ब्रेक लागला की सगळे प्रवासी पुढे झुकतात आणि गोळा मात्र मागे जातो. पाणी थर्मोकोलपेक्षा खूप जड, ते पुढे रेटतं आणि हलक्या गोळ्याला मागे ढकलतं. बस सुटताना काय होईल ते करायच्या आधी मुलांकडून वहीत लिहून घ्या.