तरंगतं की बुडतं? प्रयोग करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनात ‘हे का तरंगतं?’ असं विचारलं की हमखास उत्तर येतं, ‘हलकं आहे म्हणून.’ मग शंभर किलोचा वाळलेला सागवानी ओंडका तरंगतो आणि रुपयाचं नाणं तळ गाठतं, ते कसं? नुसतं वजन बघून भागत नाही. वस्तू पूर्ण बुडवली की जेवढं पाणी बाजूला सरतं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने ती वर रेटली जाते. हे प्लावक बल. वस्तूचं वजन त्याहून कमी असेल तर ती वर येते, जास्त असेल तर बुडते.

हे पाठ असूनही प्रयोग फसतो, आणि बहुतेक वेळा तो हवेमुळे फसतो. पोळ्या गुंडाळायची फॉइल घ्या. तिची होडी तरंगते. चुरगाळून गोळा केला तर बुडायला हवा, पण तोही तरंगतो! अॅल्युमिनियमची घनता (म्हणजे ठरावीक आकारमानाचं वजन, पाण्याची 1 धरून) 2.7, म्हणजे पाण्याच्या जवळपास तिप्पट, पण घड्यांत हवा अडकलेली असते. गोळा बत्त्याने ठेचून चपटा करा, मग जाईल खाली.

माझ्या मते सगळ्यात चांगला प्रयोग पाण्याच्या बाटलीचा. बाटली पेट प्लास्टिकची, घनता सुमारे 1.38, झाकण वेगळ्या प्लास्टिकचं, पाण्यापेक्षा हलकं. दोन्हींचे तुकडे कापून टाकले की कधीकधी दोन्ही वरच राहतात. लगेच निष्कर्ष काढू नका. बाटलीचा पातळ तुकडा पृष्ठताणावर, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाच्या ताणलेल्या पडद्यासारख्या थरावर, टेकलेला असतो, शिवाय कडेला बुडबुडे चिकटतात. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, तुकडे बोटाने पाण्याखाली दाबून चोळा आणि सोडा. बाटलीचा तुकडा तळाशी बसतो, झाकणाचा उसळून वर येतो. प्लास्टिकच्या पुनर्वापराच्या कारखान्यांतही ते असंच वेगळं करतात.

मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायच्या प्रयोगात दोन घोळ होतात. एक, मीठ चिमटीने टाकलं जातं. पाव लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे लागतात, तेही पूर्ण विरघळवून. दुसरा, अंडं जुनं असतं. जुन्या अंड्यातली हवेची पोकळी वाढलेली असते, त्यामुळे ते साध्या पाण्यातही वर येऊ शकतं. म्हणून आधी साध्या पाण्यात टाकून बघा. बुडालं तरच मिठाला हात लावा.

आणि हो, दाट म्हणजे जास्त घनतेचं नव्हे. गोडेतेल पाण्यापेक्षा दाट, तरी तरंगतं. त्याची घनता जेमतेम 0.92.