उंदरांचे शुक्राणू गोठवताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती पिंजरे रिकामे करण्याची घाई. स्ट्रॉ (शुक्राणू भरलेल्या बारीक नळ्या) द्रव नायट्रोजनच्या टाकीत गेल्या म्हणजे लाइन (उंदरांचा तो जनुकीय वंश) वाचली, असं धरून जिवंत उंदीर संपवतात, आणि पुढे गरज पडते तेव्हा एकही बीजांड फलित होत नाही. तेव्हा मागे फिरायला काहीच उरलेलं नसतं. म्हणून प्रत्येक नराची एक स्ट्रॉ लगेच वितळवून आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन) करून पाहा. दोन पेशींचे भ्रूण किती झाले ते मोजा, काहींचं जीनोटायपिंग (हवं ते जनुक आलंय का, ही तपासणी) करा. वितळल्यावर शुक्राणू वळवळताना दिसले, एवढ्यावर विसंबू नका. हालचाल म्हणजे फलनक्षमता नव्हे.

सी५७बीएल/६ या उंदरांच्या वाणात हा धोका जास्त. गोठवल्यावर त्याची फलनक्षमता फार घसरते. वितळवल्यानंतर शुक्राणू मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन हे रसायन असलेल्या माध्यमात ठेवणं आणि फलनाच्या माध्यमात ग्लुटाथायोन घालणं, याने पुष्कळ फरक पडतो.

नेहमीचं गोठवण-द्रावण म्हणजे १८ टक्के रॅफिनोज (एक प्रकारची साखर) आणि ३ टक्के स्किम मिल्क. रॅफिनोज गरम पाण्यातच नीट विरघळतं, आणि दुधाचा गाळ सेंट्रिफ्यूज करून वरचं नितळ द्रावणच घ्यायचं. गढूळ द्रावणात शुक्राणू दिसतच नाहीत.

नर तरुण, पण प्रौढ हवा आणि काही दिवस मादीपासून वेगळा ठेवलेला. कॉडा (शुक्राणू साठतात तो एपिडिडिमिसचा, म्हणजे वृषणाला जोडलेल्या नळीचा, शेवटचा भाग) काढल्यावर चरबी आणि रक्त फिल्टर पेपरवर टिपून घ्या, मग तो द्रावणात ठेवून त्याला चार-पाच छेद द्या आणि शुक्राणू आपसूक बाहेर पडू द्या. दाबून पिळू नका, पिपेटच्या बारीक टिपने वरखाली ओढू नका. या पेशी फार नाजूक असतात.

स्ट्रॉ थेट द्रव नायट्रोजनमध्ये बुडवू नका. आधी दहा मिनिटं नायट्रोजनच्या वाफेत, मग उणे १९६ अंशांत. पुढची चूक बरेच जण टाकीपाशीच करतात: लेबल वाचायला कॅनिस्टर (स्ट्रॉ ठेवलेला डबा) टाकीच्या तोंडापर्यंत उचलून धरतात. तेवढ्या वेळात स्ट्रॉ तापतात, आत बर्फाचे स्फटिक पुन्हा वाढतात, आणि बाहेरून काहीच कळत नाही. जागेचा नकाशा आधी कागदावर पाहा, मग झाकण उघडा.

शुक्राणूंत अर्धाच जीनोम (जनुकसंच) असतो. एकाच लाइनमध्ये अनेक म्युटेशन्स (जनुकांतले बदल) असतील, किंवा पार्श्वभूमीचं वाण सहज मिळणारं नसेल, तर भ्रूणही गोठवा. बीजांडं कोणत्या वाणाची वापरायची, हे नोंदीत लिहा. आणि सगळ्या स्ट्रॉ एकाच टाकीत कधीच नकोत; निम्म्या दुसऱ्या इमारतीत ठेवा.