जपून ठेवलेल्या जुन्या वाइन्स मित्रांच्या जेवणात कशा लावायच्या

आधी मेन्यू ठरवा आणि मग त्याला जुळणारी वाइन शोधा, हा सल्ला वाइन नवीन विकत आणायची असेल तर ठीक आहे. सेलरमध्ये (वाइन साठवायच्या थंड, अंधाऱ्या जागेत) 15-20 वर्षं आडवी ठेवलेली बाटली काढायची असेल तर बरोबर उलटं करायचं, आधी बाटली ठरवायची आणि जेवण तिच्याभोवती बसवायचं, कारण पदार्थ ऐन वेळी बदलता येतो पण बाटलीतली वाइन जशी झालीये तशीच मिळणार.

माणसं 8 धरा. 750 मिलीच्या बाटलीतून प्रत्येकाला साधारण 90 मिली मिळते, म्हणजे एका कोर्सला एक बाटली पुरते. खरी जुनी बाटली एकच ठेवा, फार तर दोन. सगळंच जुनं काढलं की तिसऱ्या ग्लासनंतर कुणाचं लक्ष राहत नाही आणि मग जपलेल्या बाटलीचं मला तरी फार वाईट वाटतं.

क्रम सोपा आहे: स्पार्कलिंग (बुडबुड्यांची), व्हाइट, रेड, शेवटी गोड. फक्त एक सांगतो, नवीन आधी आणि जुनी नंतर हा नियम डोळे झाकून पाळू नका. जुन्या नाजूक रेडच्या आधी तरुण, दणकट, टॅनिनवाली (टॅनिन म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरटपणा) रेड दिली तर जुनी पाण्यासारखी लागते, म्हणून मी तिच्या आधी थेट व्हाइटच देतो.

मेन कोर्स साधा ठेवा. तरुण रेडच्या टॅनिनला चरबीदार मांस लागतं, कारण ते टॅनिन प्रोटीनला चिकटतं आणि तोंड कोरडं पडत नाही. जुन्या वाइनमधलं टॅनिन आधीच मऊ झालेलं असतं, बरंचसं तळाशी गाळ होऊन बसलेलं असतं, तिला साधं रोस्ट किंवा मशरूम पुरे. तिखट, व्हिनेगर आणि गोड सॉस या तिन्ही गोष्टी त्या ताटात नकोतच.

आता खरं अवघड काम, बाटली उघडणं आणि वेळ साधणं. मी इथेच सपशेल चुकलो होतो. 25 वर्षांची बरगंडी (फ्रान्सच्या त्या भागातली रेड) होती, "जुन्या वाइनला श्वास घेऊ द्यावा" हे ऐकून ऐकून मी ती जेवणाच्या दोन तास आधी रुंद डिकँटरमध्ये (वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) ओतली. ओतताना वाळलेल्या गुलाबाचा आणि ओल्या पानांचा असा वास आला की मी स्वयंपाकघरात तसाच उभा राहिलो. मेन कोर्स आला तेव्हा त्यातलं काहीच उरलं नव्हतं, नुसता आंबटपणा. मित्र काही बोलले नाहीत पण दुसरा ग्लास कुणी मागितला नाही. तेव्हापासून एकच धरून चालतो, वास अजून न खुललेली वाइन ग्लासात हळूहळू खुलते, पण उडून गेलेली परत येत नाही. शंका असेल तर उशिराच ओता.

तर असं करा. बाटली दोन दिवस आधी उभी ठेवा, गाळ खाली बसतो. फॉइल पूर्ण काढा, तोंड ओल्या फडक्यानं पुसा. कॉर्क 20 वर्षांच्या पुढचं असेल तर नेहमीचा स्क्रू वापरू नका, मधोमध भुगा होतो, दोन पात्यांचा ओपनर घ्या आणि पाती आळीपाळीनं दाबत कडेनं आत सरकवा, मग फिरवत फिरवत वर ओढा, घाई अजिबात नाही. तरी तुटलंच तर उरलेला तुकडा आत ढकला आणि ओतताना स्वच्छ धुतलेल्या मलमलीतून गाळा. मग मानेखाली टॉर्च ठेवून एका धारेत, न थांबता ओता, मध्येच बाटली सरळ केली की सगळा गाळ ढवळला म्हणून समजा. मानेत धुरासारखी रेघ दिसली की तिथेच थांबायचं, तळाची 50-60 मिली सोडून द्यायची. डिकँटरला साबणाचा वास राहिलेला नाही ना ते आधी हुंगून बघा.

डिकँटरमध्ये कधी ओतायची ती वेळ द्राक्षावर ठरते. जुनी बरगंडी मी आता डिकँट करतच नाही, बाटलीतूनच अलगद वाढतो. जुनी बोर्डो (फ्रान्सचीच दुसरी रेड) वाढण्याच्या 15-20 मिनिटं आधी. बरोलो (इटलीची रेड) मात्र हट्टी असते, तिच्या नेबिओलो द्राक्षाचं टॅनिन लवकर सोडत नाही, तिला दोन-तीन तास देता येतात पण दर अर्ध्या तासानं एक घोट चाखत राहा. नुसतं कॉर्क काढून बाटली तशीच ठेवण्यानं फारसं काही होत नाही, मानेत हवा लागायला जागाच किती असते! पण कॉर्क लवकर काढायचा एक फायदा आहे, ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर कॉर्कनं वाइन बिघडवलीये हे पाहुणे यायच्या आधी कळतं. त्यावर उपाय नाही, म्हणून त्याच कोर्सला चालेल अशी दुसरी बाटली हाताशी हवीच.

तापमान: स्पार्कलिंग 8-10 अंश, चांगली व्हाइट 10-12, रेड 16-18.

गोड पदार्थापेक्षा वाइन जास्त गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. सोटर्न (फ्रान्सची मधासारखी गोड वाइन) असेल तर मी गोड पदार्थ सोडून ब्लू चीज देतो, तो खारटपणा आणि तो मध एकत्र फारच सुंदर लागतो.

आणि जुनी वाइन एकदम 90 मिली ओतू नका. आधी निम्मी द्या, उरलेली 15-20 मिनिटांनी, मग तीच वाइन मधल्या वेळात केवढी बदलली ते टेबलावरच्या प्रत्येकाला स्वतःच्या नाकानं कळतं.