सहलीची चिकटवही करताना या चुका टाळा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी संपली की माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. पहिल्यांच्या हातात पिशवीभर कागदाचे कपटे असतात आणि तोंडी ‘आज संध्याकाळपर्यंत वही होईल ना?’ हा प्रश्न असतो. दुसऱ्यांच्या हातात अशीच एका संध्याकाळी उरकलेली वही असते, आणि ती फुगलेली, चिकटून बसलेली किंवा पिवळी पडलेली असते. हे दुसरे लोक म्हणजे बहुधा वर्षभराने परत आलेले पहिलेच असतात.

चिकटवहीसाठी आपण जे कागद जपतो त्यांचा जरा विचार करा. कणकवलीहून मालवणला जाताना मिळालेले एसटीचे तिकीट, सिंधुदुर्गावर नेणाऱ्या होडीची पावती, खानावळीचे कार्बन घालून लिहिलेले बिल, देवळातली कुंकवाचे बोट लागलेली देणगी पावती, खाजे बांधून दिलेला वर्तमानपत्राचा तुकडा आणि कोकम सरबताच्या बाटलीवरचे लेबल. यांपैकी एकही कागद दहा वर्षे टिकावा म्हणून बनवलेला नसतो. तिकिटाचे काम तर प्रवासी उतरला की संपते. शिवाय प्रत्येकाची जात वेगळी असल्यामुळे सगळ्यांना एकच डिंक, एकच उष्णता आणि एकच घाई लावून चालत नाही.

सर्वांत मोठी चूक मी आधी सांगते, कारण ती मी स्वतः केलेली आहे. पूर्वी वाहकाच्या पत्र्याच्या पेटीतून मिळणारी, पंच मारलेली छापील तिकिटे पातळ असली तरी शाईने छापलेली असत, आणि माझ्याकडची तशी जुनी तिकिटे आजही सहज वाचता येतात. आता वाहकाच्या हातातल्या यंत्रातून जे तिकीट बाहेर येते, त्यात शाई नसतेच. त्या कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्राचे तापलेले टोक जिथे टेकते तिथे अक्षर उमटते. दुकानांची आणि एटीएमची बहुतेक बिलेही याच कागदाची असतात. ओळखायची खूण सोपी आहे: कडेला नखाने जोरात ओरखडा काढावा, काळसर रेघ उठली तर कागद थर्मल आहे असे समजावे. हा कागद ऊन, तेलकट बोटे आणि मऊ प्लास्टिकच्या पिशव्या यांमुळे पुसट होत जातो, आणि उष्णता लागली तर उलट सगळाच्या सगळा काळा होतो.

हे मला २०१४ च्या दिवाळीनंतर कळले. त्या वर्षी आम्ही सासऱ्यांना घेऊन मालवणला गेलो होतो. एसटीत वाहकाकडे सुटे पैसे नव्हते, म्हणून त्याने तिकिटाच्या पाठीवर निळ्या बॉलपेनने ‘७० बाकी’ असे लिहून दिले होते. मालवणला उतरून धक्क्याकडे निम्मी वाट चालून गेल्यावर सासऱ्यांना त्या सत्तर रुपयांची आठवण झाली आणि ते ज्या वेगाने स्थानकाकडे परत गेले, तो वेग आमच्या घरी पुढे कित्येक दिवस चर्चेचा विषय होता. पैसे मिळाले आणि तिकीटही राहिले. परत आल्यावर मी त्या सहलीतली सात तिकिटे ड्रॉइंगच्या कागदावर ओळीने चिकटवली, प्रत्येकाखाली पेन्सिलीने तारीख आणि गाव लिहिले, आणि ‘कायमची टिकावीत’ म्हणून तो कागद लॅमिनेट करायला नेला. मी काही विचारले नाही, त्यामुळे दुकानदारानेही काही सांगितले नाही. लॅमिनेशनच्या यंत्राचे रोलर शंभर अंशांच्या वर तापलेले असतात. कागद एका बाजूने आत गेला आणि दुसऱ्या बाजूने सात काळ्या पाट्या घेऊन बाहेर आला. खाली माझ्या पेन्सिलीचे अक्षर मात्र अगदी स्वच्छ होते: ‘कणकवली ते मालवण’. ‘७० बाकी’ हा शेरा त्या काळ्या चौकोनाच्या पाठीशी, डिंकाच्या आणि प्लास्टिकच्या आत अजूनही आहे. तो आता कोणालाही वाचता येणार नाही.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की घरी परतल्यावर चार दिवसांच्या आत सगळी थर्मल तिकिटे मी झेरॉक्सच्या काचेवर पालथी मांडून त्यांच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंच्या प्रती काढून घेते. झेरॉक्सची काळी पूड कागदावर वितळून बसते आणि ती थर्मल अक्षरापेक्षा कितीतरी जास्त टिकते. वहीत प्रत चिकटवते, आणि मूळ तिकीट कागदी पाकिटात घालून ते पाकीट त्याच पानावर लावते. पुढे मूळ तिकीट कोरे झाले तरी पान बोलत राहते. ज्यांची तिकिटे आधीच पुसट झाली आहेत त्यांनी ती स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवून पाहावा, पुष्कळदा अक्षरे परत वाचता येतात. काळ्या पडलेल्या तिकिटावर मात्र मला तरी उपाय सापडलेला नाही. आणि वही सपाट व्हावी म्हणून पानांवरून इस्त्री फिरवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्या व्यक्तीकडे वही देऊ नये.

दुसरी मोठी चूक डिंकाची. पांढऱ्या फेविकॉलची बाटली कपट्यावर पालथी घालून, बोटाने सारवून, वर तळहाताने दाब देणारे लोक पाहिले की मला अजूनही राग येतो. पातळ कागद ओला झाला की फुगतो, वाळताना सारखा आकसत नाही आणि त्याला सुरकुत्या पडतात. त्यावर लगेच वही मिटली की कडेने बाहेर आलेला डिंक समोरच्या पानाला धरतो. एका सुट्टीतल्या वर्गात एका ताईंनी सतरा पाने एका दुपारी भरली आणि ‘दाब द्यायचा असतो ना’ म्हणून वही रात्रभर पाट्याखाली ठेवली. सकाळी वहीची वीट झाली होती. सुकलेला फेविकॉल पाण्याने नीट सुटत नाही, त्यामुळे आम्ही चाकूच्या पात्याने कडा सोडवत बसलो आणि सतरापैकी जेमतेम पाच पाने धड हाती आली.

मी खळ वापरते. आमच्या गल्लीतल्या बाइंडरकाकांकडून शिकले तशीच ती करते: एक वाटी मैदा, चार ते पाच वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या आणि मग मंद आचेवर ढवळत राहायचे, पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी झाली की उतरवायची. काका कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, घालत. मोरचूद विषारी असल्याने आणि माझ्या टेबलाभोवती मुले असल्याने मी घालत नाही, लागेल तेवढीच खळ करते आणि दोन दिवसांत आंबली की टाकून देते. खळीचा मोठा गुण म्हणजे तिची चूक दुरुस्त होते. ओलसर फडके थोडा वेळ ठेवले की चिकटलेला कागद सुटतो. एवढा खटाटोप नको असेल तर डिंककांडी चालेल, पण फेविकॉल फक्त पुठ्ठ्यासाठी आणि वहीच्या पाठीसाठी ठेवावा.

खळ कोणतीही असो, कपट्याच्या सगळ्या पाठीला ती कधीही लावू नये. वरच्या कडेला करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीची पट्टी पुरते. असा कागद कॅलेंडरच्या पानासारखा उचलता येतो, मागचे लिखाण वाचता येते, आणि उद्या तो काढावासा वाटला तर फाडावा लागत नाही. ‘७० बाकी’नंतर हा नियम मी एकदाही मोडलेला नाही. चिकटवलेल्या प्रत्येक पानामध्ये बटर पेपर घालून वर दोन जाड शब्दकोश ठेवावेत आणि एका बैठकीत चारपेक्षा जास्त पाने करू नयेत. हा चारचा आकडा कोणत्याही शास्त्रातून आलेला नाही. माझ्याकडे शब्दकोशच तेवढे आहेत.

फुगून तोंड वासलेल्या वहीचे कारण बहुतेकांना डिंक वाटते, पण ते गणित निराळे आहे. जाडसर, म्हणजे १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाच्या) कागदाची चाळीस पानांची वही पाठीकडे सुमारे ६ मिलिमीटर जाड असते. प्रत्येक पानाच्या दोन्ही बाजूंना ०.२ मिलिमीटरचा एकेक कपटा लावला तर पुढची बाजू १६ मिलिमीटरने वाढते आणि पाठ मात्र होती तेवढीच राहते. म्हणून जुन्या फोटोंच्या अल्बममध्ये पानांच्या मुळाशी अरुंद पट्ट्या शिवलेल्या असत. घरी जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे शिवून बांधणी, करणाऱ्यांनी चार मोठे कागद एकात एक दुमडून आठ पानांचा एक गठ्ठा, म्हणजे फर्मा, करावा आणि त्यातली दोन पाने मुळाशी दोन सेंटीमीटर ठेवून कापून टाकावीत. पाने वाया जातात याचे दुःख करू नये, ती पाठीला जाडी देतात. विकतची वही असेल तर ती शिवलेली आहे याची आधी खात्री करावी, कारण नुसत्या डिंकाने बांधलेल्या वहीत एक पान कापले की शेजारची पानेही सुटू लागतात.

याच्याच जोडीला कागदाच्या ग्रेनची, म्हणजे तंतूंच्या दिशेची, चूक येते. यंत्राने बनवलेल्या कागदात तंतू एकाच दिशेने धावतात. वर्तमानपत्र उभे आणि आडवे फाडून पाहिले तर एका दिशेने ते सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने वेडेवाकडे जाते, ते याच कारणाने. वहीत हे तंतू पाठीला समांतर हवेत. बाजारात मिळणाऱ्या ए-फोर कागदात ते साधारणपणे लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तो कागद मधोमध दुमडून लहान वही केली की तंतू नेमके आडवे येतात, आणि ओली खळ लागली की पाने मुळाशी लाटांसारखी उठतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मोठे तावच्या ताव मिळतात. ते हलके वाकवून, ज्या बाजूने कमी विरोध होतो ती पाहून कापावेत. हातकागद घेतला तर ही कटकट पुष्कळ कमी होते, कारण त्यात तंतू चहूकडे पसरलेले असतात. पुण्याच्या शिवाजीनगरमधली हातकागद संस्था १९४० पासून हे काम करते आहे, आणि सुती चिंध्यांपासून केलेला कागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडत नाही.

वर्तमानपत्राचा विषय निघालाच आहे तर तो दोन ओळींत संपवते. त्या कागदात लाकडाचे तंतू जोडून ठेवणारे लिग्निन राहिलेले असते, म्हणून तो पिवळा पडतो आणि शेजारच्या पानावरही डाग सोडतो. त्याची प्रत लावावी. सेलोटेप लावूच नये. काही वर्षांनी तिची पट्टी गळून पडते आणि खाली तपकिरी चिकट डाग उरतो. जेल पेनाने लिहिलेले ओल्या खळीत पसरते, तेव्हा आधी चिकटवावे, वाळू द्यावे आणि मग लिहावे. इंकजेट प्रिंटरच्या फोटोंनाही हेच लागू आहे. खाज्याच्या कागदाचे तेल पाने ओलांडत जाते, त्यामुळे तो कागद वहीत नकोच. बकुळीची फुले कुरकुरीत होईपर्यंत रद्दीत दाबून ठेवावीत. अर्धवट वाळलेले फूल म्हणजे बुरशीला दिलेले आमंत्रण आहे.

आता थोडे परखड बोलते. परदेशी टपालशिक्के, जुने नकाशे आणि मेणाच्या मोहरा छापलेल्या स्टिकरची पाकिटे हल्ली सर्रास मिळतात. मालवणच्या सहलीच्या पानावर पॅरिसचे खोटे तिकीट आणि खऱ्या होडीच्या पावतीची रवानगी कचऱ्यात, असे पान मी डोळ्यांनी पाहिले आहे. सजावटीला माझा विरोध नाही, पण आधी पान कपट्यांनी भरावे आणि मग उरलेल्या जागेची चिंता करावी. बहुतेक वेळा जागा उरत नाही, कारण तिथे लिहायचे असते: कोण पुढच्या सीटवर बसले, होडीत कोण घाबरले, बिलात सोलकढी किती वेळा लावली. हे महिन्याभरात विसरते. म्हणून मी मुक्कामाच्या ठिकाणीच, झोपण्यापूर्वी, प्रत्येक कागदाच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने तारीख आणि एक ओळ लिहिते. थर्मल कागदावर अगदी हलक्या हाताने.

वही पावसाळ्यात करायला घेऊ नये. मे महिन्यात कोकणातून आलेल्यांनी जूनमध्ये खळ शिजवली की ती दिवसच्या दिवस वाळत नाही आणि वही कुबट होते. कपटे लिफाफ्यात घालून लिफाफा डब्यात ठेवावा आणि घटस्थापनेच्या सुमारास काम सुरू करावे. तयार वहीत वेखंडाची लहान पुरचुंडी ठेवावी, कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागू नये म्हणून पोथ्यांच्या बासनातही ती ठेवत असत. श्रावणात कुबट वास आलाच तर उन्हात न घालता वही पंख्याखाली पाने विस्कटून दिवसभर उभी ठेवावी.

आणि शेवटची चार पाने कोरी सोडावीत. वही पूर्ण झाली असे जाहीर करण्याची लोकांना फार घाई असते, पण कपटे आपल्या सोयीने सापडत नाहीत. आमच्या त्या मालवणच्या सहलीतली होडीची पावती तीन वर्षांनी सासऱ्यांच्या स्वेटरच्या खिशात मिळाली, चार घड्या घातलेली आणि घड्यांवर विरलेली. ती साध्या गुलाबी कागदावर शाईने छापलेली असल्यामुळे शब्द न शब्द वाचता येत होता. मी ती वरच्या कडेला खळ लावून उरलेल्या चार पानांपैकी पहिल्या पानावर चिकटवली.